गणित कच्चं असेल, तर कोडिंग जमणारच नाही का?

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरच्या अनेक घरांत एक ठरलेला संवाद होतो. पोरगी म्हणते, मला कॉम्प्युटरला जायचंय. घरातलं कुणीतरी मार्कशीट हातात घेतं, गणिताच्या आकड्यावर बोट ठेवतं आणि म्हणतं, "गणितात ५२. तुला कोडिंग कसं झेपणार?" शाळा मराठी माध्यमाची असेल तर पुढचा प्रश्न तयारच असतो. "आणि इंग्रजीचं काय करणार?"

विषय तिथेच संपतो.

खरं तर आता शिकायला लांब जावं लागत नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तुळजाराम चतुरचंद कॉलेज आहे. इंदापूरजवळ वनगळीला एस. बी. पाटील इंजिनिअरिंग कॉलेज आहे. म्हणजे अडचण एसटीच्या पासची नाही. अडचण आहे ती 'हे उपजत असावं लागतं' या समजुतीची. गणिताचं डोकं, लॉजिक आणि भाषा या तिन्ही गोष्टी जन्मतःच असल्या तरच माणूस प्रोग्रॅमर होतो, असं आपण धरून चाललोय. यात तथ्य किती?

त्यासाठी आधी एक प्रोग्रॅम बघू. यात इंग्रजी जवळजवळ नाहीच, आणि विषय या भागातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

उसाचं बिल हाही प्रोग्रॅमच

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, असा ठरवला:

साखर उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये द्या.
उतारा त्याहून जास्त असेल तर दर ०.१ टक्क्यामागे ३.४६ रुपये वाढवा.
कमी असेल तर दर ०.१ टक्क्यामागे ३.४६ रुपये कमी करा.
पण उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर कपात थांबवा आणि ३२९.०५ रुपये द्या.

या चार ओळी पायथॉन किंवा जावा या भाषेत लिहिल्या की झाला प्रोग्रॅम. 'असेल तर' म्हणजे इफ, 'नाहीतर' म्हणजे एल्स. गणित किती लागलं? बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. उतारा ११.२५ असेल तर १०.२५ च्या वर ०.१ चे दहा टप्पे झाले. दहा गुणिले ३.४६ म्हणजे ३४.६०. दर झाला ३८९.६०, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. सातवीच्या पुस्तकापलीकडे यात काही नाही.

मग अवघड काय आहे? अवघड आहे ते नियमात न लिहिलेलं ओळखणं.

समजा उतारा १०.३० आला. वर फक्त ०.०५ टक्के, म्हणजे अर्धा टप्पा. त्याचे पैसे द्यायचे की पूर्ण ०.१ होईपर्यंत थांबायचं? वरच्या चार ओळींत याचं थेट उत्तर नाही. पण नीट वाचलं तर एक धागा सापडतो. १०.२५ पासून ९.५ पर्यंत साडेसात टप्पे होतात. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ३५५ मधून २५.९५ गेले की उरतात बरोबर ३२९.०५. म्हणजे खाली येताना सरकारने अर्धा टप्पाही मोजलाय. वर जाताना तोच नियम लावायचा का, हे मात्र प्रोग्रॅमरने साखर कारखान्याला विचारून घ्यायला हवं. न विचारता त्याने आकडा पूर्ण टप्प्यावर आणून सोडला, तर क्विंटलला पावणेदोन रुपयांच्या आसपास फरक पडतो. लाखो टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ही रक्कम किती होईल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

दुसरा प्रश्न आणखी मोठा. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा, मागच्या की चालू? राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढला की एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची आणि अंतिम हिशेब चालू हंगामाच्या उताऱ्यावर करायचा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कोडमधली एक ओळ काय असावी, यावर तीन वर्षं वाद चालला असं म्हणायला हरकत नाही!

शिवाय ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कायद्याने १५ टक्के दराने व्याज लागतं. म्हणजे पंधराव्या दिवसासाठी आणखी एक 'असेल तर'.

मग गणित लागतच नाही?

लागतं, पण कामानुसार. बँकेचं ॲप, दवाखान्याची अपॉइंटमेंट, सोसायटीचा हिशेब, शाळेची फी भरायची वेबसाइट, अशा कामांत गणित साधारण वरच्या उदाहरणाइतकंच असतं. व्हिडिओ गेममध्ये पात्रं फिरवायची असतील तर त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्स येतात. मेसेज गुप्त ठेवणारी यंत्रणा बांधायची तर संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) आला. एआयचं मॉडेल स्वतः तयार करायचं तर संभाव्यता, सांख्यिकी आणि कॅल्क्युलसला पर्याय नाही.

याचं उदाहरणही इथलंच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांची मदत घेऊन उसासाठी एआयचा प्रकल्प सुरू केला. मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर बारामतीचं नाव जगभर फिरलं. अशा प्रकल्पांत उपग्रहाच्या फोटोंवरून पीक किती हिरवं आहे हे मोजतात. त्यासाठी एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक वापरतात. तो काढायला एक वजाबाकी, एक बेरीज आणि एक भागाकार पुरतो. पण त्या आकड्यांवरून पुढचं उत्पादन किती येईल याचा अंदाज बांधणारं मॉडेल घडवायला सांख्यिकी यावीच लागते. आणि तो अंदाज शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत, योग्य वेळी पोचवणाऱ्या ॲपला पुन्हा गणितापेक्षा काळजीच जास्त लागते. प्रकल्प एक, पण त्यात गणिताची गरज जागोजागी वेगळी.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर एक छोटा, पण गाजलेला अभ्यास केला. ज्यांनी आधी कोडिंग केलं नव्हतं अशा ३६ जणांना त्यांनी ऑनलाइन पायथॉन शिकवलं. शिकवण्याआधी प्रत्येकाची गणिताची जाण, नवं कोडं सोडवण्याची क्षमता, एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरता येतात आणि नवी भाषा शिकण्याची हातोटी, हे सगळं तपासलं. शिकण्यात माणसामाणसांत जो फरक पडला, त्यातला ३४ टक्के तर्क आणि स्मरणाच्या चाचण्यांनी समजला, १७ टक्के भाषेच्या हातोटीने. गणिताच्या जाणिवेने समजला फक्त २ टक्के.

३६ माणसं म्हणजे फार नव्हेत. शिवाय ही सगळी इंग्रजी बोलणारी मंडळी होती, त्यामुळे हे आकडे इंदापूरच्या वर्गाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही मार्कशीटवरच्या ५२ कडे बोट दाखवणाऱ्याने तो २ चा आकडा एकदा बघावा.

लॉजिक जन्मजात असतं की सवयीचं?

इथे थोडं प्रामाणिक राहायला हवं. माणसामाणसांत फरक असतो. कुणी एका वेळी सहा गोष्टी डोक्यात धरतो, कुणी तीन. ज्याला सहा धरता येतात त्याला सुरुवातीला सोपं जातं, हे वरच्या अभ्यासातही दिसतं. पण ज्याला तीन धरता येतात तो उरलेल्या तीन कागदावर लिहू शकतो. अनुभवी प्रोग्रॅमरही तेच करतात. मोठं काम छोट्या तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं, आणि एका वेळी एकच तुकडा डोक्यात ठेवायचा.

हे शिकता येतं याचा पुरावा बघायला पुण्या-बंगळुरूला जायची गरज नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. बारामती एमआयडीसीत पियाजिओ आणि भारत फोर्ज यांचे कारखाने आहेत. या धंद्यात सीएनसी मशिनवर काम करणारा आयटीआयचा मुलगा रोज प्रोग्रॅम वाचतो, बदलतो, कधी स्वतः लिहितो. त्या भाषेचं नाव जी-कोड. जी-झीरो-झीरो म्हणजे टूल वेगाने तिथे ने, जी-झीरो-वन म्हणजे ठरलेल्या गतीने कापत ने. एकाच्या जागी दुसरा लिहिला गेला तर टूल सुसाट जाऊन जॉबवर आदळतं. टूल तुटतं, जॉब भंगारात जातो. म्हणून नवा प्रोग्रॅम आला की आधी ड्राय रन घ्यायचा, जॉब न लावता टूल हवेत फिरवून बघायचं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत याला टेस्टिंग म्हणतात. दोघांच्या पगारात आणि लग्नाच्या बायोडेटात फरक असेल, पण डोक्यात चालणारी गोष्ट बरीचशी सारखी आहे. पायऱ्या क्रमाने लावायच्या, चूक कुठे होऊ शकते याचा आधी विचार करायचा, झाली तर कोणत्या ओळीत झाली ते शोधायचं. आणि त्या मुलाला ॲडमिशन देताना 'तुला लॉजिकची देणगी आहे का' असं कुणी विचारलेलं नसतं.

भाषा म्हणजे इंग्रजी नव्हे

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. भाषेची जाण प्रोग्रॅमरला खरंच लागते. एड्सखर डाइक्स्ट्रा या नामवंत डच संगणकशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच म्हटलं होतं की चांगल्या प्रोग्रॅमरला गणिताच्या कलासोबत मातृभाषेवर असाधारण प्रभुत्व हवं. मातृभाषेवर! त्याची स्वतःची मातृभाषा इंग्रजी नव्हती.

कारण सरळ आहे. काम काय करायचंय ते ज्याला स्वतःच्या भाषेत नेमकं सांगता येत नाही, त्याला ते मशिनलाही सांगता येणार नाही. वरच्या उसाच्या नियमातली 'पण' आणि 'तर' ज्याला नीट कळली, त्याचं अर्धं काम मराठीतच झालं.

मेंदूच्या पातळीवर मात्र कोड वाचणं आणि भाषा वाचणं एक नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये लोकांना कोड वाचायला देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. भाषा समजून घेणारे भाग फारसे जागे झाले नाहीत. अवघड, लक्ष देऊन करायच्या कोणत्याही कामात जे भाग चालतात, ते चालले. मग वॉशिंग्टनचा अभ्यास खोटा का? नाही. तो शिकण्याबद्दल होता, हा आलेलं कोड वाचण्याबद्दल. सायकल शिकताना मागे धरणारं कुणी लागतं, चालवता आली की लागत नाही, तसंच काहीसं.

आता इंग्रजी. सी या भाषेत मूळचे राखीव शब्द फक्त ३२ आहेत. पायथॉनमध्ये ३५. इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न. हे आठवड्याभरात पाठ होतात. अडवणारं इंग्रजी वेगळंच असतं. पुस्तकाचं, लेक्चरचं, एरर मेसेजचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला 'चल' म्हणजे काय ते शाळेपासूनच माहीत असतं, पण फळ्यावर 'व्हेरिएबल' लिहिलं की तिला वाटतं हे काहीतरी नवीन आहे. 'सेगमेंटेशन फॉल्ट' असा एरर आला की ती समजते, आपलं इंग्रजी कमी पडलं. (तो शब्द लंडनच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळत नाही, हे तिला कुणी सांगत नाही.)

अमेरिकेतले संशोधक फिलिप गुओ यांनी २०१८ मध्ये ८६ देशांतल्या ८४० जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. सगळे इंग्रजी मातृभाषा नसलेले, कोडिंग शिकणारे. अडचणी ओळखीच्याच निघाल्या: शिकायचं साहित्य वाचणं, इतरांशी तांत्रिक बोलणं, आणि इंग्रजी व कोडिंग एकाच वेळी शिकण्याचा ताण. मुलांसाठीच्या स्क्रॅच या भाषेवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात आणखी स्पष्ट दिसलं. ज्या देशांत इंग्रजी ही मुख्य भाषा नाही, तिथे आपल्या भाषेतले ब्लॉक वापरणारी मुलं इंग्रजी ब्लॉक वापरणाऱ्यांपेक्षा नव्या संकल्पना लवकर वापरू लागली.

म्हणजे वर्गात 'हिला प्रोग्रॅमिंगचं डोकं नाही' असं ज्याला म्हटलं जातं, ते पुष्कळदा इंग्रजी वाचण्याचा कमी वेग असतो. वेग वाढवता येतो. डोकं नाही असं एकदा ठरलं की कुणी वाढवायला जात नाही.

ही 'देणगी' आली कुठून?

१९५५ मध्ये आयबीएमने प्रोग्रॅमर निवडायला एक परीक्षा काढली. आकड्यांची मालिका, आकृत्यांमधलं साम्य, अंकगणिताची कोडी. कॉम्प्युटर नवे होते, चांगला प्रोग्रॅमर कसा असतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अर्ज ढिगाने येत. चाळणी हवी होती, ती मिळाली. तिचे गुण आणि प्रशिक्षणातले गुण थोडेफार जुळत, प्रत्यक्ष कामाशी मात्र फारसे जुळत नसत. तरी परीक्षा वर्षानुवर्षं चालली. १९६६ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यात भर घातली की प्रोग्रॅमरना कोडी आवडतात आणि माणसांत फार मिसळायला आवडत नाही. तेव्हाचे बहुतेक प्रोग्रॅमर पुरुष होते. त्यांच्यावरून साचा बनला, आणि मग त्या साच्यात बसणारेच निवडले गेले.

आज बारामतीच्या कॅम्पसवर टीसीएसच्या एनक्यूटीची तयारी करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. न्यूमेरिकल, व्हर्बल, रीझनिंग. गणित, भाषा, लॉजिक. आता सोबत कोडिंगही असतं, पण जुनी त्रिमूर्ती अजून जागेवर आहे.

२००६ मध्ये ब्रिटनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या दोघांनी दावा केला की कोर्स सुरू होण्याआधीच एका छोट्या चाचणीने कोण प्रोग्रॅमर होणार हे ओळखता येतं. इंटरनेटवर तो प्रचंड फिरला. २०१४ मध्ये त्यातल्याच रिचर्ड बोर्नाट यांनी तो मागे घेतला. ते फारसं फिरलं नाही, अर्थातच.

'वर्गात दोनच गट असतात, ज्यांना जमतं ते आणि ज्यांना जमत नाही ते,' असं अनेक शिक्षक सांगतात. कॅनडातल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचे ७७८ निकाल तपासून २०१६ मध्ये हे पडताळलं गेलं. दोन उंचवटे दिसावेत असे निकाल निघाले फक्त ५.८ टक्के. बाकीचे एरवीच्या विषयांसारखेच. त्याच अभ्यासात आणखी एक गंमत सापडली. हुशारी जन्मजात असते असं मानणाऱ्या शिक्षकांना संदिग्ध आलेखातही दोन गट दिसण्याची शक्यता जास्त होती.

या समजुतीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, ज्या विषयांत 'उपजत प्रतिभा लागते' असं त्या विषयातले लोक जास्त मानतात, तिथे पीएचडी करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण कमी आढळतं. भावाला ५२ मिळाले तर 'अभ्यास केला नाही', बहिणीला मिळाले तर 'तिचं डोकं गणिताचं नाही'. हे वाक्य कोणत्या घरात ऐकलं नाही, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

पण दारावर गणितच उभं आहे

काम करायला गणित कमी लागो, आत शिरायला लागतंच. इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटीच्या २०० पैकी १०० गुण गणिताचे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलात तरी एम-थ्री वाट बघत असतो. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला बारावीत गणित लागतं. बीबीए (सीए) मात्र कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांनाही करता येतं. त्यानंतर एमसीए करायचं तर बारावीला किंवा पदवीला गणित होतं का हे बघतात, त्यामुळे अकरावीत गणित सोडण्याआधी पाच वर्षं पुढचा विचार केलेला बरा.

भाषेच्या दारावर थोडी हालचाल झाली आहे. २०२१ पासून जेईई मेन मराठीतून देता येते. त्याच वर्षी एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओई कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक धडे मराठी आवाजात फुकट आहेत. आता तर एरर मेसेज कॉपी करून एखाद्या एआय चॅटबॉटला 'हे मराठीत समजावून सांग' म्हटलं की तो सांगतो. कोडही लिहून देतो. फक्त १०.३० च्या उताऱ्याला त्याने काय केलं, ते आपणच तपासायचं.

आपल्याला जमेल का हे बघायचं असेल, तर मार्कशीट बाजूला ठेवून घरातलं उसाचं बिल घ्या. वरचे चार नियम वहीत मराठीत, एका ओळीत एक, असे उतरवा. मग मोबाइलवर पायथॉन चालवणारं कोणतंही फुकट ॲप उघडा. पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत देता येतात, त्यामुळे 'उतारा', 'दर', 'वजन' असं लिहिलं तरी चालतं. आकडे तेवढे इंग्रजी टाका. उतारा ११.२५ दिला की ३८९.६० यायला हवेत आणि ९.२ दिला की ३२९.०५. ते आले की १०.३० टाकून बघा. उत्तर काय यायला हवं, ते मात्र आधी वहीत लिहून ठेवा.